प्रगतीचे चित्र आणि चित्राबाहेरची प्रगती

काही महिन्यांपूर्वी एका तालुक्याच्या गावी भरलेल्या शालेय विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. प्रदर्शन नेहमीसारखेच होते. ज्वालामुखी, पवनचक्की, लिंबावर चालणारे घड्याळ. एका टेबलामागे 'शोध आणि शोधक' असा मोठा तक्ता टांगला होता. डाव्या रकान्यात शोध, उजव्या रकान्यात नाव व साल. कापसाचे जिन – व्हिटनी – १७९३. वाफेची बोट – फुल्टन – १८०७. कापणी यंत्र – मॅककॉर्मिक – १८३१. तारायंत्र – मोर्स – १८४४. तक्त्याच्या मध्यभागी एक रंगीत चित्र बरेच मोठे करून चिकटवले होते. पांढऱ्या वस्त्रातील एक स्त्री आकाशातून तरंगत चालली आहे, तिच्या मागून आगगाड्या येत आहेत आणि पुढे काही माणसे व जनावरे पळत आहेत, असे ते चित्र.

तक्ता सांभाळणारा आठवीतला मुलगा आदिवासी पाड्यावरून येणारा होता. त्याने सगळी माहिती घडाघडा सांगितली आणि मग आपण होऊनच आपल्या शिक्षकांना विचारले, "सर, ही डावीकडची माणसे पळतात का?" शिक्षक म्हणाले, "अरे, ते मागासलेले होते. त्यांच्याकडे विज्ञान नव्हते." मुलाने मान डोलावली. आम्ही गुणपत्रिकेवर आकडा लिहिला आणि पुढच्या टेबलाकडे वळलो.

त्या वेळी आम्ही बोलायला हवे होते. शिक्षक मनापासून काम करणारे होते. तक्ता त्यांनी पदरचे पैसे घालून केला होता आणि त्यांचे उत्तर हे चित्र जे सांगते तेच होते. म्हणून त्यांच्या उत्तरापेक्षा चित्राचीच परीक्षा घेणे योग्य, असे आम्हाला वाटते. हे चित्र जगभर अनेक ठिकाणी इतिहासाच्या पुस्तकांतून छापले जाते, आणि ते केवळ इतिहासाचे नाही. 'शोध म्हणजे काय आणि शोध पुढे कसे जातात' याबद्दलचे एक मत त्यात आहे. ते मत कितपत खरे आहे, एवढाच येथे प्रश्न.

प्रथम चित्राची ओळख. नाव 'अमेरिकन प्रोग्रेस', म्हणजे अमेरिकेची प्रगती. चित्रकार जॉन गॅस्ट, साल १८७२. प्रदर्शनातल्या तक्त्यावर ते चार फूट रुंद केले होते; मूळ चित्र जेमतेम सव्वा फूट रुंद आहे. पश्चिमेकडील प्रवासाची मार्गदर्शक पुस्तके काढणारे प्रकाशक जॉर्ज क्रॉफट यांनी ते काढून घेतले आणि त्याच्या रंगीत छापील प्रती वाटल्या. म्हणजे मुळात ही प्रवासी पुस्तकांची जाहिरात. हे ध्यानात ठेवले की चित्रातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

चित्रात उजवी बाजू पूर्व, डावी बाजू पश्चिम. पूर्वेकडे उजेड, शहर, नदी, जहाजे. पश्चिमेकडे काळोखी. मधल्या स्त्रीच्या कपाळावर तारा आहे, एका हातात पुस्तक आहे आणि त्यावर चक्क 'शाळेचे पुस्तक' असे इंग्रजीत लिहिले आहे. दुसऱ्या हाताने ती तारायंत्राची तार मागून ओढत आणते आहे. खाली बैलांचा नांगर धरलेले शेतकरी, खाणीत सोने शोधायला निघालेले लोक, झाकलेली गाडी, टपालाचा घोडेस्वार, घोडागाडी आणि तीन आगगाड्या. अगदी डाव्या टोकाला मूळचे रहिवासी, गवे म्हणजे बायसन, अस्वल, सगळे मागे वळून पाहत अंधाराकडे पळत आहेत.

चित्रकला म्हणून ते बेताचेच आहे. पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. मुळच्या लोकांना हुसकावले गेले हे गॅस्ट लपवत नाही. नंतरच्या कित्येक गोंडस चित्रांत ही माणसे नसतातच. इथे ती आहेत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती आहे. दळणवळणाच्या साधनांनी त्या देशाचा नकाशा बदलला हेही खरेच. १८०३ मध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियानाचा प्रचंड प्रदेश दीड कोटी डॉलरला विकत घेतला आणि देशाचे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट झाले. (तेथे राहणाऱ्या लोकांना या व्यवहारात कोणी विचारले नव्हते.) त्या प्रदेशात माणसे व माल न्यायचा कसा हा खरोखरचा प्रश्न होता आणि पुढची पन्नास वर्षे त्यावर अनेक डोकी झिजली.

आमचा आक्षेप वेगळ्या जागी आहे. या चित्रात कोणीही तार टाकत नाही, रूळ अंथरत नाही, लाकूड फोडत नाही. स्त्री तरंगते आणि तार आपोआप उलगडत येते. शोध म्हणजे वरून येणारी, एका दिशेने वाहणारी, कोणाच्याही घामाशिवाय पुढे सरकणारी वस्तू, असे हे चित्र म्हणते. शेवटी आपल्या 'शोध–नाव–साल' तक्त्यांचे म्हणणेही हेच असते.

आधी तिच्या हातातली ती तारच घेऊ. मोर्स हे व्यवसायाने चित्रकार. त्यांच्या सुरुवातीच्या यंत्राचा संदेश थोड्याच फुटांपलीकडे जात नसे. तार लांबवली की विद्युतचुंबक हलेच ना. कारण आपल्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल : तार लांब झाली की रोध वाढतो आणि प्रवाह कमी होतो. यावरचा उपाय जोसेफ हेन्री यांनी आधीच शोधला होता. लांब तारेसाठी एकच मोठा घट उपयोगाचा नाही; अनेक घट एकसरीत जोडले पाहिजेत आणि चुंबकावर पुष्कळ वेढे दिले पाहिजेत. १८३१ च्या सुमारास आल्बनी येथील शाळेत शिकवत असताना त्यांनी मैलभर तारेतून घंटा वाजवून दाखवली होती. होय, हेन्री त्या वेळी शाळामास्तर होते आणि प्रयोगांना त्यांना सुट्टीतच सवड मिळे! हेन्रींचे हे काम रसायनाचे प्राध्यापक लेनर्ड गेल यांनी मोर्स यांच्या नजरेस आणले. आल्फ्रेड व्हेल यांनी यंत्राची घडण सुधारली. मग सरकारने १८४३ मध्ये ३०,००० डॉलर मंजूर केले. तार आधी शिशाच्या नळीतून जमिनीखाली घातली गेली, ती खराब निघाली आणि बराच पैसा मातीत गेला. शेवटी ती खांबांवर चढवली, आणि २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टन व बाल्टिमोर यांच्यामध्ये सुमारे ४० मैलांवर संदेश गेला. तक्त्यात यातले एकच नाव उरते.

हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. एका खिळ्यावर दहा वेढे, दुसऱ्यावर दोनशे बारीक वेढे द्यावेत. आधी आखूड तारेने आणि मग शंभर फूट बारीक तारेने जोडून टाचण्या उचलाव्यात. एक घट आणि चार घट असा फरक करून पाहावा. हेन्री यांचे म्हणणे अर्ध्या तासात मुलांच्या हाती येते.

चित्रातला टपालाचा घोडेस्वारही जरा पाहण्यासारखा आहे. 'पोनी एक्सप्रेस' ही टपालसेवा एप्रिल १८६० मध्ये सुरू झाली आणि १८६१ च्या ऑक्टोबरात बंद पडली, कारण त्याच महिन्यात देशभर आरपार तार पोचली. आरपार रेल्वे तर १८६९ ची. म्हणजे घोडेस्वार, तार आणि आगगाडी ही तीन साधने चित्रात जोडीने धावत असली, तरी प्रत्यक्षात एकाने दुसऱ्याचा धंदा बसवला होता. चित्रात ते दिसत नाही. तेथे सगळेच पुढे जात आहेत.

आता चित्रात नसलेल्या गोष्टीकडे येऊ. आमच्या मते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या वस्तीला पश्चिमेकडे सर्वांत जोराने ढकलणारे यंत्र आगगाडी नव्हे, तर कापसाचे जिन. आपल्या विदर्भ-खानदेशातील शिक्षकांना हा शब्द समजावून सांगायला नको. 'जिन' हा 'इंजिन' या शब्दाचाच तुकडा आहे, एवढे सांगितले की पुरे.

ईलाय व्हिटनी यांनी पहिल्यांदाच सरकी काढण्याचे यंत्र केले, हा समज मात्र काढून टाकला पाहिजे. दोन रुळांमध्ये कापूस दाबून तंतू पलीकडे ओढायचे आणि सरकी अलीकडे ठेवायची, हे हातयंत्र भारतात कित्येक शतके चालू होते आणि अमेरिकेच्या किनाऱ्यावरही रुळांची यंत्रे होती. अडचण होती ती कापसाच्या जातीची. किनाऱ्यालगतच्या लांब धाग्याच्या कापसाची सरकी गुळगुळीत असते, ती रुळांतून चटकन सुटते. आतल्या चढ्या जमिनीवर येणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसात मात्र सरकीला तंतू घट्ट चिकटलेले असतात. एका माणसाने दिवसभर हाताने काढले तर जेमतेम पौंडभर रुई निघे. व्हिटनी यांनी १७९३ मध्ये फिरत्या रुळावर तारेचे आकडे बसवले. आकडे अरुंद फटींतून तंतू ओढून नेत, फटीत न मावणारी सरकी मागे राही आणि ब्रशांचा दुसरा रूळ आकड्यांवरची रुई झाडून काढी. पुढे तारेच्या आकड्यांच्या जागी करवतीच्या चकत्या आल्या. आता तोच माणूस दिवसाला ५० पौंड रुई काढू लागला, असा व्हिटनी यांचा दावा होता.

आता प्रश्न असा की, काम पन्नास पटीने सोपे झाल्यावर गुलामांचे कष्ट कमी व्हायला हवे होते की नाही? विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारून पाहावा. बहुतेक जण 'हो' म्हणतात. प्रत्यक्ष आकडे असे आहेत. १७९० मध्ये अमेरिकेत कापसाच्या सुमारे ३,००० गाठी निघत. १८६० मध्ये सुमारे ४० लाख. १७९० च्या खानेसुमारीत गुलामांची संख्या सुमारे ७ लाख होती. १८६० मध्ये ती साडेएकोणचाळीस लाखांवर गेली.

याचे कारण समजायला अर्थशास्त्र लागत नाही. कापसाचे पीक हाती येताना तीन कष्टाची कामे असतात : निंदणी, वेचणी आणि सरकी काढणे. तिसऱ्या कामाची खीळ निघाली, पण पहिली दोन कामे हातानेच राहिली. वेचणीचे यंत्र अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वापरात यायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. साखळीतली एक कडी पन्नास पटीने जलद झाली की बाकीच्या कड्यांवर ताण येतो. जितकी रुई निघू शकते तितका कापूस वेचायला माणसे हवीत, आणि तेथे ती विकत मिळत होती. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास कापसाच्या शेतात बायाबापड्या दिवसभर वाकून वेचणी करताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही गोष्ट आकड्यांशिवायही कळेल.

आखूड धाग्याच्या कापसाला नवी जमीन हवी होती आणि ती पश्चिमेस व नैर्ऋत्येस अलाबामा, मिसिसिपी, लुइझियानात होती. तेथे गुलाम नेले गेले. १७९० ते १८६० या काळात जुन्या आग्नेय राज्यांतून सुमारे दहा लाख गुलाम या नव्या प्रदेशांत हलवले गेले. पुष्कळांना साखळीला बांधून चालवत नेले, कुटुंबे फोडून विकले. पश्चिमेकडे गेलेल्या माणसांचा हाही एक तांडा होता. गॅस्ट यांच्या चित्रात आम्हाला त्यातला एकही माणूस सापडला नाही, आणि एक बोंडही दिसले नाही. चित्र काढले तेव्हा गुलामगिरी संपून सातच वर्षे झाली होती.

व्हिटनी यांना स्वतःला जिनमधून फारसे मिळाले नाही. सरकी काढून देण्याबद्दल ते व त्यांचे भागीदार पाचातला दोन हिस्सा मागत. यंत्र इतके सोपे की गावोगावच्या लोहारांनी ते करून घेतले आणि व्हिटनी कोर्टकचेऱ्यांत अडकले. मग त्यांनी सरकारला १०,००० बंदुका पुरवण्याचा करार केला आणि 'सुट्या भागांची अदलाबदल' या कल्पनेचे जनक म्हणून दुसरी कीर्ती मिळवली. तीही तपासून पाहिल्यावर डळमळते. त्यांच्या बंदुकांचे भाग एकमेकांत नीट बसत नाहीत, असे पुढे अभ्यासकांना आढळले. कल्पना त्यांच्या आधी फ्रान्समध्ये होती, आणि अमेरिकेत ती खऱ्या अर्थाने जमवली ती जॉन हॉल यांनी, सरकारी शस्त्रशाळेत, १८२० च्या दशकात. शोधांच्या तक्त्यातले एकच नाव खरवडले तर इतके निघते!

याच जिनचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. १८४० च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकन मळेवाले व करवतीची जिन भारतात आणली. आपल्या आखूड धाग्याच्या कापसाचे तंतू त्या करवतींनी तुटत. धारवाडकडे अमेरिकन वाण रुजला, तेथे मात्र ती चालली. यंत्र कापसाच्या एका जातीसाठी घडलेले होते. माणसांबरोबर वाणही बदलावे लागले. आणि १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला तेव्हा मुंबईत पैशांचा पूर आला, तो युद्ध संपताच ओसरला आणि कित्येक पेढ्या बुडाल्या, हे मुंबईच्या इतिहासात सर्वांनी वाचलेलेच असते.

वाफेच्या बोटीबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यात विज्ञान शिक्षकाला उपयोगी असा एक भाग आहे आणि तो कोणत्याही तक्त्यात नसतो. फुल्टन यांची १८०७ ची बोट हडसन नदीवर चालली ती इंग्लंडहून आणलेल्या कमी दाबाच्या इंजिनावर. पश्चिमेकडच्या मिसिसिपी व ओहायो या नद्या वेगळ्या : प्रवाह जोराचा, पात्र उथळ, आणि काठाला जळाऊ लाकूड हवे तितके. तेथे जास्त दाबाची, हलकी व स्वस्त इंजिने सोयीची ठरली. ती लाकूड फार खात, पण लाकडाला तोटा नव्हता. तोटा होता तो सावधगिरीचा. शर्यत जिंकण्यासाठी सुरक्षा झडपेवर वजन ठेवून ती दाबून धरली जाई. बॉयलरमधले पाणी उतरले की उघडा पडलेला पत्रा तापून मऊ होई आणि फुटे. एकेका स्फोटात शंभरावर माणसे मेल्याची उदाहरणे आहेत.

स्फोट का होतात याबद्दल त्या वेळी नाना तर्क होते. तापलेल्या लोखंडावर पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन तयार होतो आणि त्याचा भडका उडतो, असे जाणकारही म्हणत. फिलाडेल्फिया येथील फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने हा प्रश्न हाती घेतला आणि १८३० मध्ये अमेरिकन सरकारने त्यासाठी पैसा दिला. सरकारने वैज्ञानिक संशोधनाला दिलेल्या पहिल्या अनुदानांपैकी हे एक. अलेक्झांडर डॅलस बाश यांच्या समितीने काचेच्या खिडक्या असलेला छोटा बॉयलर करून आत काय घडते ते डोळ्यांनी पाहिले, निरनिराळ्या तापमानाला लोखंडाची ताकद मोजली, हायड्रोजनचा तर्क खोडून काढला, आणि १८३६ मध्ये सविस्तर अहवाल दिला. दोष गूढ वायूचा नव्हता. कमी पाणी, खराब पत्रा, दाबलेली झडप आणि बेफिकीर माणसे यांचा होता. तरीही मालकांच्या विरोधामुळे १८३८ चा कायदा लुळाच झाला. परवानाधारक तपासनीस नेमणारा जोरकस कायदा यायला १८५२ साल उजाडले. आमच्या मते अमेरिकन विज्ञानाच्या त्या अर्धशतकातील हे एक उत्तम काम आहे. पण त्याचे चित्र काय काढणार? पत्रा मोजणाऱ्या माणसाला तरंगता येत नाही.

ईरी कालव्याबद्दल थोडक्यातच. १८१७ ते १८२५ या काळात ३६३ मैल खणला गेला, वाटेत ८३ लॉक, म्हणजे बोट पाण्याच्या पायरीपायरीने चढवण्या-उतरवण्याची दारे. पूर्ण झाल्यावर टनामागची वाहतूक शंभर डॉलरच्या आसपासवरून दहाच्याही खाली आली. तो आखणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आधी कालवा बांधलेला नव्हता. काम करता करताच ते अभियंते झाले. पाण्याखाली घट्ट होणारा चुना त्यांना कालव्याच्या वाटेवरच सापडला. खणणाऱ्यांत आयरिश मजूर पुष्कळ होते.

चित्रातल्या नांगरधाऱ्या शेतकऱ्यामागेही असेच काही आहे. इलिनॉयच्या चिकट काळ्या मातीत ओतीव लोखंडाचा नांगर माती धरून बसे. जॉन डीअर यांनी १८३७ मध्ये करवतीच्या पोलादी पात्याचा गुळगुळीत नांगर केला, त्यावरून माती निसटू लागली. मॅककॉर्मिक यांच्या कापणी यंत्राचे सालही तक्त्यात बरोबर आहे. पण त्या यंत्रावर त्यांच्या बरोबरीने खपलेला जो अँडरसन नावाचा माणूस त्यांच्या घरचा गुलाम होता. त्याचे नाव पेटंटवर असणे शक्य नव्हते. १८५८ मध्ये अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलने तर लेखी मतच दिले की, गुलामाने लावलेल्या शोधाचे पेटंट गुलामालाही देता येत नाही आणि त्याच्या मालकालाही देता येत नाही. पेटंटासाठी 'मी हा शोध लावला' अशी शपथ नागरिकाने घ्यावी लागे. गुलाम नागरिक नव्हता, आणि मालकाने शोध लावलेला नव्हता. शोध झाला होता, पण कायद्याच्या दृष्टीने शोधक कोणीच नव्हता. शोधकांच्या याद्या बहुतेक पेटंटांच्या वह्यांतून तयार होतात, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

आता डावीकडच्या माणसांकडे, म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाकडे. 'त्यांच्याकडे विज्ञान नव्हते.' ज्या मक्यावर नव्या वसाहतवाल्यांनी पहिली वर्षे काढली तो मका अमेरिका खंडातल्या मूळच्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षे निवड करून एका रानगवतापासून घडवला होता, ही एक गोष्ट. पण आम्हाला येथे दुसरी सांगायची आहे. ती नेमकी त्या स्त्रीच्या हातातल्या पुस्तकाशी भिडते.

अमेरिकेच्या आग्नेयेस जॉर्जिया व आसपास चेरोकी लोकांची वस्ती होती. ते शेती करत, गावे वसवून राहत. त्यांच्यातील सेक्वोया नावाच्या, चांदीकाम करणाऱ्या कारागिराला इंग्रजी लिहिता-वाचता येत नव्हते. गोरे लोक कागदावर खुणा करून दूरच्या माणसाशी बोलतात एवढे मात्र त्याने पाहिले होते. आपल्या भाषेतही हे जमले पाहिजे, असे त्याने मनात घेतले. प्रथम त्याने दर शब्दाला एक चिन्ह अशी पद्धत धरली. चिन्हे इतकी वाढली की ती कोणाच्याही ध्यानात राहिना. ती त्याने सोडून दिली. मग ऐकून ऐकून त्याच्या लक्षात आले की, आपली सारी भाषा ठरावीक अक्षरध्वनींची बनलेली आहे. बारा वर्षांच्या खटपटीनंतर, १८२१ मध्ये, सुमारे ८५ चिन्हांची लिपी तयार झाली. लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा त्याची लहान मुलगी दूर उभी राहून त्याने लिहिलेले वाचून दाखवी.

मराठी शिक्षकाला यातले मर्म चटकन कळावे. आपल्या बाराखडीत 'कि' आणि 'कु' दोन्हींत 'क' दिसतो. सेक्वोयाच्या लिपीत 'का', 'की', 'कू' यांची रूपे परस्परांहून अगदी वेगळी आहेत. म्हणजे पाठ करायला चिन्हे अधिक, पण जोडाक्षरांची कटकट नाही. ती शिकायला इतकी सोपी गेली की काही वर्षांतच हजारो चेरोकी लिहू-वाचू लागले. लिपी ठाऊक नसलेल्या एका माणसाने निरीक्षण, प्रयोग, चुकलेला मार्ग सोडणे आणि चाचणी या वाटेने लिपी घडवली. शोध म्हणजे याहून वेगळे काय असते?

२१ फेब्रुवारी १८२८ रोजी न्यू एकोटा या चेरोकी राजधानीत 'चेरोकी फिनिक्स' हे वृत्तपत्र निघाले, चेरोकी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. बाळशास्त्री जांभेकरांचे मराठी-इंग्रजी 'दर्पण' निघाले ६ जानेवारी १८३२ रोजी. चेरोकींचे पत्र जवळजवळ चार वर्षे आधीचे.

पुढचे सारे लवकर घडले. त्यांच्या जमिनीत सोने सापडले आणि ती जमीन कापसालाही चांगली होती. १८३० मध्ये मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हलवण्याचा कायदा झाला. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जॉर्जिया राज्याविरुद्ध निकाल दिला; तो पाळला गेला नाही. १८३५ मध्ये वृत्तपत्राचे मुद्रणयंत्र राज्याच्या शिपायांनी उचलून नेले. १८३८-३९ मध्ये सुमारे १६,००० चेरोकींना हाकलत पश्चिमेकडे नेण्यात आले. त्यांतले सुमारे ४,००० दगावले असे मानले जाते. मस्कोगी म्हणजे क्रीक लोकांना वाफेच्या बोटींतून नेले. ३१ ऑक्टोबर १८३७ च्या रात्री 'मॉनमथ' ही त्यांची बोट मिसिसिपीवर दुसऱ्या जहाजाशी आपटून फुटली आणि तीनशेहून अधिक माणसे बुडाली. वाफेची बोट – फुल्टन – १८०७.

तेव्हा त्या मुलाला द्यायचे उत्तर असे : ती माणसे विज्ञान नव्हते म्हणून पळत नाहीत. त्यांच्या जमिनी दुसऱ्यांना हव्या होत्या, आणि हुसकावणाऱ्यांकडे सैन्य, कायदा व बोटी होत्या. चित्रातल्या बाईच्या हातात शाळेचे पुस्तक आहे. पळणाऱ्यांपैकी चेरोकींकडे ते चव्वेचाळीस वर्षे आधीच छापखान्यासह होते आणि ते काढून घेण्यात आले. चित्रातले लोक पश्चिमेच्या मैदानांतले आहेत, चेरोकी नव्हेत, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. पण मैदानांतल्या लोकांचे काय झाले हेही चित्राच्या त्याच कोपऱ्यात आहे. १८७१ च्या सुमारास बायसनच्या कातड्यापासून चांगले चामडे कमावण्याची रीत सापडली. पूर्वेच्या कारखान्यांतील यंत्रे फिरवायला जाड पट्टे लागत, त्यांना ते चामडे उत्तम होते. १८७२ मध्ये, गॅस्ट हे चित्र रंगवत होते त्याच वर्षी, कातड्यांसाठी कत्तल जोरात होती. गवे पश्चिमेकडे पळताना दाखवले आहेत. त्यांची कातडी चित्रातल्याच आगगाड्यांनी पूर्वेकडे जात होती.

हे चित्र वर्गातून काढून टाकावे असे आमचे म्हणणे नाही. उलट, इतके उपयोगी चित्र आम्हाला दुसरे सापडले नाही. मात्र ते तक्त्याच्या मध्यभागी शोभेला लावण्याऐवजी मुलांच्या हातात द्यावे. चित्रातल्या प्रत्येक वाहनाचे साल शोधायला सांगावे. काम करणारी माणसे किती आणि नुसती पुढे जाणारी किती, ते मोजायला सांगावे. तक्त्याला दोन रकाने वाढवावेत : 'आणखी कोण होते' आणि 'कोणाचे काय झाले'. चौथी ओळ भरताना जोसेफ हेन्री येतील. पहिली ओळ भरायला एक अख्खी तासिका लागेल.

त्या शिक्षकांना आम्ही पत्र लिहिले आहे. प्रदर्शनाच्या दिवशी गप्प राहिल्याबद्दल त्यात दिलगिरी व्यक्त केली आहे आणि सेक्वोयाच्या ८५ चिन्हांचा तक्ता मोठ्या अक्षरांत काढून सोबत जोडला आहे. तो त्या मुलाला द्यावा अशी विनंती आहे. आपले नाव त्या लिपीत कसे लिहायचे ते त्याला घटकाभरात जमेल. चेरोकीत काही ध्वनी नाहीत, तेवढे त्याला अडेल.